उच्च तापमान अतिसंवाहकांतील इलेक्ट्रॉन युग्मनाची प्रतिमाने

उच्च तापमान अतिसंवाहकांतील इलेक्ट्रॉन युग्मनाची प्रतिमाने म्हणजे तांब्याची ऑक्साइडे व तत्सम पदार्थांत, तुलनेने उच्च तापमानाला, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशामुळे बनतात याचे स्पष्टीकरण देण्यासाठी मांडलेले भौतिकशास्त्रीय सिद्धांत होत. विशिष्ट तापमानाखाली पदार्थाचा विद्युत रोध पूर्णपणे नाहीसा होणे आणि पदार्थाने आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकणे या गुणधर्मास अतिसंवाहकता म्हणतात. ज्या तापमानाला हा बदल घडतो त्यास क्रांतिक तापमान असे नाव आहे. सर्व ज्ञात अतिसंवाहकांत विद्युत प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांऐवजी त्यांच्या जोड्यांमार्फत वाहतो. समान विद्युत भारामुळे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. असे असूनही त्यांची जोडी जमते ती कशी, हा अतिसंवाहकतेच्या प्रत्येक सिद्धांतापुढील मूळ प्रश्न आहे. सामान्य धातूंच्या बाबतीत त्याचे उत्तर १९५७ साली मिळाले. १९८६ साली शोध लागलेल्या तांबे-ऑक्साइड अतिसंवाहकांच्या, म्हणजेच क्युप्रेटांच्या, बाबतीत मात्र सर्वमान्य उत्तर अद्याप उपलब्ध नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

डच भौतिकशास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ऑनेस यांनी १९११ साली लायडन येथे पाऱ्याचा विद्युत रोध सुमारे ४.२ केल्विन तापमानाला एकाएकी नाहीसा होतो असे दाखवले. वाल्टर माइसनर व रोबेर्ट ऑक्सेनफेल्ड यांनी १९३३ साली चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकले जाण्याचा परिणाम शोधून काढला. त्यानंतर अनेक मूलद्रव्ये व मिश्रधातू अतिसंवाहक असल्याचे आढळले, तरी क्रांतिक तापमानातील वाढ अतिशय संथ होती. १९७३ साली नायोबियम व जर्मेनियम यांच्या संयुगात गाठलेले सुमारे २३ केल्विन हे तापमान पुढे १३ वर्षे उच्चांक म्हणून कायम राहिले.

१९८६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळच्या आयबीएम संशोधन प्रयोगशाळेत योहानेस गेओर्ग बेडनोर्झ व कार्ल अलेक्झांडर म्युलर यांना लँथॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे आढळली. सर्वसाधारण तापमानाला हा पदार्थ धातू म्हणून फारच निकृष्ट, कुंभाराच्या मातीच्या वर्गातला असल्याने हा शोध अनपेक्षित ठरला. १९८७ च्या प्रारंभी मॉ-क्युएन वू, पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात ९० केल्विनच्या वरचे क्रांतिक तापमान मिळवले. द्रवरूप नायट्रोजनाचा उत्कलनबिंदू ७७ केल्विन असल्याने महागड्या द्रवरूप हीलियमावाचून अतिसंवाहकता पाहणे त्यामुळे शक्य झाले. बेडनोर्झ व म्युलर यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९९३ साली पाऱ्याचा अंतर्भाव असलेल्या क्युप्रेटात सुमारे १३३ केल्विन एवढे क्रांतिक तापमान आढळले. वातावरणीय दाबाखाली अतिसंवाहक होणाऱ्या पदार्थांत क्युप्रेट आजही अग्रस्थानी गणले जातात.

बीसीएस सिद्धांत

जॉन बार्डीन, लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ साली मांडलेला सिद्धांत त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून बीसीएस सिद्धांत म्हणून ओळखला जातो. त्याबद्दल तिघांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कूपर यांनी १९५६ साली दाखवून दिले होते, की फेर्मी पृष्ठाजवळील दोन इलेक्ट्रॉनांमध्ये कितीही दुर्बल आकर्षण असले तरी त्यांची बद्ध जोडी तयार होते. या जोडीस कूपर जोडी म्हणतात.

धातूमध्ये हे आकर्षण स्फटिक जालकाच्या कंपनांमुळे निर्माण होते. ऋणभारित इलेक्ट्रॉन जालकातून जाताना जवळचे धन आयन स्वतःकडे किंचित ओढतो. आयन इलेक्ट्रॉनापेक्षा हजारो पटींनी जड असल्यामुळे त्यांना मूळ जागी परतण्यास वेळ लागतो. तोपर्यंत पहिला इलेक्ट्रॉन दूर निघून गेलेला असतो. मात्र मागे राहिलेल्या धन भाराच्या दाटीकडे दुसरा इलेक्ट्रॉन आकर्षित होतो. अशा रीतीने दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी एका ठिकाणी न येताही परस्परांशी बांधले जातात. जालकाच्या कंपनाच्या पुंजास फोनॉन म्हणतात. म्हणून या यंत्रणेचे वर्णन फोनॉनांच्या देवाणघेवाणीतून होणारे युग्मन असे केले जाते.

या सिद्धांताची तीन अनुमाने पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, जालकातील अणूंचे वस्तुमान बदलल्यास क्रांतिक तापमान वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलावे. यास समस्थानिक परिणाम म्हणतात व तो १९५० साली पाऱ्याच्या समस्थानिकांत प्रत्यक्ष आढळला होता. दुसरे, जोडी फोडण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजेच ऊर्जा-अंतर, फेर्मी पृष्ठावर सर्व दिशांना सारख्याच चिन्हाचे असावे. अशा सममितीस एस-तरंग सममिती म्हणतात. तिसरे, कंपनांची ऊर्जा मर्यादित असल्याने क्रांतिक तापमानही मर्यादित राहावे. नेहमीच्या धातूंसाठी ही मर्यादा ३० ते ४० केल्विनच्या आसपास असावी असा समज दीर्घकाळ प्रचलित होता.

क्युप्रेटांची रचना व गुणधर्म

सर्व क्युप्रेटांत तांबे व ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात. प्रत्येक थरात तांब्याचे अणू चौरसांच्या कोपऱ्यांवर आणि ऑक्सिजनाचे अणू त्यांना जोडणाऱ्या बाजूंच्या मध्यावर असतात. थरांच्या दरम्यान असलेली लँथॅनम, बेरियम, बिस्मथ इत्यादींची संयुगे मुख्यतः विद्युत भाराचा पुरवठा करतात. अतिसंवाहकतेचे केंद्र तांबे-ऑक्सिजन थरांत असते, याबद्दल संशोधकांत मतैक्य आहे.

लँथॅनम व तांबे यांच्या शुद्ध ऑक्साइडात प्रत्येक तांबे आयनावर एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो. पट्ट सिद्धांतानुसार असा पदार्थ धातू असावयास हवा, परंतु तो निरोधक असतो. एका आयनावर दोन इलेक्ट्रॉन आल्यास त्यांच्यातील प्रतिसारणाची किंमत इतकी मोठी असते की प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकून पडतो. अशा पदार्थास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या नावावरून मॉट निरोधक म्हणतात. या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचे अंगभूत परिवलन, शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेने रचले जाते. या रचनेस प्रतिलोहचुंबकीय रचना म्हणतात व लँथॅनम-तांबे ऑक्साइडात ती सुमारे ३२५ केल्विनपर्यंत टिकते.

लँथॅनमाच्या काही अणूंच्या जागी स्ट्राँशियम वा बेरियम घातल्यास थरांतून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि मोकळ्या जागा, म्हणजे होल, तयार होतात. या प्रक्रियेस डोपिंग म्हणतात. दर तांबे अणूमागे सुमारे ०.०२ होल झाल्यावर प्रतिलोहचुंबकीय रचना मोडते, सुमारे ०.०५ पासून अतिसंवाहकता दिसू लागते, ०.१६ च्या आसपास क्रांतिक तापमान सर्वाधिक असते आणि ०.२७ च्या सुमारास अतिसंवाहकता नाहीशी होते. एका निरोधक चुंबकाच्या शेजारी सर्वोत्तम अतिसंवाहक सापडावा, ही वस्तुस्थिती बहुतेक प्रतिमानांचा आरंभबिंदू आहे.

प्रतिमानांपुढील कसोट्या

क्युप्रेटांतही विद्युत भाराचे वाहक जोडीनेच असतात, हे १९८७ मध्येच स्पष्ट झाले. अतिसंवाहक कड्यात अडकणारा चुंबकीय फ्लक्स एका इलेक्ट्रॉनाच्या भाराशी नव्हे, तर दोन इलेक्ट्रॉनांच्या भाराशी निगडित असलेल्या पटींत मोजला गेला. जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात, हे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या मापनांतून कळले. त्यामुळे वाद जोड्यांच्या अस्तित्वाबद्दल नसून त्या जुळवणाऱ्या कारणाबद्दल आहे. कोणत्याही प्रतिमानास पुढील निरीक्षणांचा मेळ घालावा लागतो.

१. इष्टतम डोपिंग असलेल्या यिट्रियम क्युप्रेटात ऑक्सिजन-१६ ऐवजी ऑक्सिजन-१८ घातल्यास, केवळ ऑक्सिजनाची कंपनेच जबाबदार धरता, क्रांतिक तापमान सुमारे ५ केल्विनने घटावे. प्रत्यक्षातील घट त्याच्या एक दशांशाच्या आसपास असते.

२. जोडीचा आकार अतिशय लहान असतो. ॲल्युमिनियमात तो सुमारे १,६०० नॅनोमीटर, तर क्युप्रेटाच्या थरात अवघा १ ते ३ नॅनोमीटर आढळतो.

३. क्रांतिक तापमानाच्या वरही पदार्थ सामान्य धातूसारखा वागत नाही. इष्टतम डोपिंगपाशी त्याचा विद्युत रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढतो.

४. ऊर्जा-अंतर सर्व दिशांना समान नसते. काही दिशांना ते शून्य होते.

हबर्ड प्रतिमान व टी-जे प्रतिमान

क्युप्रेटांच्या बहुतेक सिद्धांतांचा पाया १९६३ साली जॉन हबर्ड यांनी मांडलेल्या प्रतिमानावर आहे. त्यात केवळ दोन राशी असतात. इलेक्ट्रॉनाने शेजारच्या जागेवर उडी मारण्याची ऊर्जा 'टी' या अक्षराने, तर एकाच जागेवर दोन इलेक्ट्रॉन आल्यास द्यावी लागणारी प्रतिसारणाची किंमत 'यू' या अक्षराने दर्शवतात. क्युप्रेटांत 'यू' ही राशी 'टी'च्या सुमारे आठपट मानली जाते. तांब्याबरोबर ऑक्सिजनाच्या कक्षाही विचारात घेणारे तीन पट्टांचे प्रतिमान १९८७ साली व्हिक्टर एमरी यांनी आणि स्वतंत्रपणे चंद्रा वर्मा व सहकाऱ्यांनी मांडले.

'यू' खूप मोठी असता दोन इलेक्ट्रॉन एका जागी राहू शकत नाहीत, परंतु क्षणमात्र शेजारी डोकावून परत येऊ शकतात. पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वानुसार हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा शेजाऱ्याचा स्पिन विरुद्ध असतो. त्यामुळे विरुद्ध स्पिनांच्या शेजाऱ्यांची ऊर्जा थोडी कमी होते. या परिणामास अतिविनिमय म्हणतात. त्याची ऊर्जा 'जे' ही 'टी'च्या वर्गाच्या चौपटीस 'यू'ने भागले असता मिळते. न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या प्रयोगांतून क्युप्रेटांसाठी ती सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे १,५०० केल्विन, एवढी आढळते. फू-चुन झांग व मॉरिस राइस यांनी १९८८ साली दाखवले, की ऑक्सिजनावरील होल शेजारच्या तांब्याच्या स्पिनाशी घट्ट बांधला जाऊन एक स्पिनरहित घटक बनतो. त्यामुळे तीन पट्टांचे प्रतिमान साध्या टी-जे प्रतिमानात रूपांतरित करता येते.

अनुस्पंदी संयुजा बंध सिद्धांत

फिलिप अँडरसन यांनी १९८७ साली 'सायन्स' या नियतकालिकातून क्युप्रेटांसाठी अनुस्पंदी संयुजा बंधाची कल्पना मांडली. लायनस पॉलिंग यांनी बेंझिनाच्या रेणूसाठी वापरलेल्या अनुस्पंदनाच्या कल्पनेशी तिचे साधर्म्य आहे. अँडरसन यांनी ती १९७३ सालीच त्रिकोणी जालकावरील चुंबकासाठी सुचवली होती.

या सिद्धांतानुसार मॉट निरोधकातील शेजारचे दोन इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनांची जोडी बनवतात. परंतु कोणाची जोडी कोणाशी हे निश्चित नसते. सर्व संभाव्य जुळण्यांची मिळून एक पुंज अवस्था तयार होते. म्हणजे जोड्या निरोधकात आधीपासूनच असतात, पण जागा मोकळी नसल्याने त्यांना हलता येत नाही. डोपिंगने होल निर्माण झाले की या जोड्या हलू लागतात व पदार्थ अतिसंवाहक होतो. येथे फोनॉनासारख्या कोणत्याही मध्यस्थाची गरज उरत नाही. प्रतिसारणातून उपजणारा अतिविनिमयच जोडी जुळवतो.

गणपती बास्करन, झेड. झू व अँडरसन यांनी १९८७ मध्येच या कल्पनेस गणिती रूप दिले. १९८८ साली गॅब्रिएल कोटलियार व जियालिन लिउ यांनी अशाच मांडणीतून डी-तरंग सममितीची अतिसंवाहकता निष्पन्न होते असे दाखवले. या सममितीची प्रायोगिक निश्चिती त्यानंतर अनेक वर्षांनी झाली.

सिद्धांतावरील मुख्य आक्षेप असा, की डोपिंग नसलेले लँथॅनम-तांबे ऑक्साइड प्रत्यक्षात अनुस्पंदी अवस्थेत नसून नियमित प्रतिलोहचुंबक आहे. समर्थकांच्या मते डोपिंगने ही नियमित रचना मोडल्यावर अनुस्पंदी अवस्था अधिक अनुकूल ठरते. दुसरी अडचण गणिताची आहे. एका जागी दोन इलेक्ट्रॉन नसण्याची अट काटेकोरपणे पाळणे अवघड असल्याने निष्कर्ष बहुधा सन्निकट पद्धतींवर अवलंबून राहतात.

स्पिन-चढउतार सिद्धांत

दुसऱ्या प्रमुख विचारप्रवाहात मध्यस्थाची कल्पना कायम आहे. फोनॉनाची जागा मात्र चुंबकीय चढउतार घेतात. नियमित चुंबकीय रचना नष्ट झाली तरी शेजारच्या स्पिनांचा विरुद्ध दिशेने राहण्याचा कल अल्पकाळ व अल्प अंतरावर टिकून असतो. एक इलेक्ट्रॉन जाताना सभोवतीच्या स्पिनांची मांडणी बदलतो आणि तो बदल दुसऱ्या इलेक्ट्रॉनास जाणवतो. डग्लस स्कॅलापिनो व सहकाऱ्यांनी, तसेच मियाके, श्मिट-रिंक व वर्मा यांनी १९८६ साली स्वतंत्रपणे दाखवले, की प्रतिलोहचुंबकीय चढउतारांमुळे डी-तरंग युग्मन होऊ शकते. डेव्हिड पाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याचप्रमाणे जपानमध्ये तोरू मोरिया व सहकाऱ्यांनी हा विचार क्युप्रेटांसाठी विस्ताराने विकसित केला.

प्रतिसारणातून जोडी कशी जमते, याचे उत्तर जोडीच्या तरंगफलनाच्या आकारात आहे. चढउतारांतून निर्माण होणारी परस्परक्रिया इलेक्ट्रॉन एकाच जागी असता तीव्र प्रतिसारणाची, तर शेजारच्या जागांवर असता आकर्षणाची असते. एकाच जागी येण्याची संभाव्यता शून्य असलेले तरंगफलन निवडल्यास प्रतिसारण टळते व आकर्षणाचा लाभ मिळतो. डी-तरंग सममितीचे तरंगफलन नेमके असेच असते. चौरस जालकाच्या एका अक्षाच्या दिशेने त्याचे चिन्ह धन, दुसऱ्या अक्षाच्या दिशेने ऋण, आणि कर्णांच्या दिशेने मूल्य शून्य असते.

यिट्रियम क्युप्रेटात अतिसंवाहक अवस्थेत सुमारे ४१ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला आढळणारे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे शिखर या सिद्धांताचा आधार म्हणून सांगितले जाते. ते प्रथम १९९१ साली झाँ रोसा-मिन्यो व सहकाऱ्यांनी नोंदवले. आक्षेप असा, की चढउतार निर्माण करणारे इलेक्ट्रॉन आणि त्यांमुळे बांधले जाणारे इलेक्ट्रॉन एकच आहेत. धातूमधील आयन व इलेक्ट्रॉन यांच्याप्रमाणे येथे मंद मध्यस्थ व वेगवान कण अशी स्पष्ट विभागणी करता येत नाही.

मध्यस्थ असतोच का, यावर पुढे थेट वाद झाला. अँडरसन यांनी २००७ साली असे प्रतिपादन केले, की 'यू' आणि 'जे' यांचा परिणाम जवळपास तत्क्षणी होतो. त्यामुळे विलंबाने काम करणाऱ्या मध्यस्थाचा शोध व्यर्थ आहे. माइअर, पॉयब्लाँ व स्कॅलापिनो यांनी २००८ साली संगणकीय गणनांच्या आधारे हबर्ड प्रतिमानातील युग्मनाचा मोठा वाटा स्पिन-चढउतारांच्या ऊर्जा-पल्ल्यातून, म्हणजे विलंबानेच, येतो असे दाखवले.

डी-तरंग सममितीची निश्चिती

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी जोडीची सममिती हा तीव्र मतभेदाचा विषय होता, कारण फोनॉनाधारित प्रतिमाने सामान्यतः एस-तरंगाकडे आणि चुंबकीय प्रतिमाने डी-तरंगाकडे निर्देश करीत होती. १९९३ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मापनांत चुंबकीय क्षेत्राची अंतर्भेदन-खोली नीच तापमानाला तापमानाच्या सरळ प्रमाणात बदलते असे आढळले. ऊर्जा-अंतर काही दिशांना शून्य असल्याचा तो संकेत होता. त्याच वर्षी झी-शुन शेन व सहकाऱ्यांनी प्रकाश-उत्सर्जनाच्या प्रयोगातून ऊर्जा-अंतर दिशेनुसार बदलत असल्याचे दाखवले. तथापि या प्रयोगांतून चिन्हातील बदल कळत नव्हता.

चिन्हाची कसोटी डेल व्हॅन हार्लिंगेन यांच्या गटाने १९९३ साली आणि चँग सुएई, जॉन कर्टली व सहकाऱ्यांनी १९९४ साली घेतली. सुएई यांनी वेगवेगळ्या दिशांना वळवलेले तीन स्फटिक जोडून त्यांच्यावर यिट्रियम क्युप्रेटाचे कडे तयार केले. तरंगफलनाचे चिन्ह दिशेनुसार बदलत असेल, तर अशा कड्याभोवती एक फेरी पूर्ण करताना चिन्हाचा मेळ बसत नाही आणि कड्यात आपोआप अर्ध्या पुंजाइतका चुंबकीय फ्लक्स निर्माण होतो. प्रयोगात नेमका अर्धा पुंज आढळला. या प्रयोगांनंतर क्युप्रेटांतील डी-तरंग सममिती बहुतांशी मान्य झाली. केवळ प्रतिसारणाच्या आधारे युग्मन होऊ शकते या विचारास त्यामुळे मोठे बळ मिळाले. मात्र स्पिन-चढउतार आणि अनुस्पंदी संयुजा बंध या दोन्ही सिद्धांतांतून हीच सममिती निष्पन्न होत असल्याने त्यांच्यातील निवड या प्रयोगांनी होऊ शकली नाही.

आंतरस्तरीय टनेलिंग सिद्धांत

प्रयोगाने निर्णायकपणे बाद ठरलेल्या प्रतिमानाचे हे ठळक उदाहरण होय. अँडरसन व सहकाऱ्यांनी १९८८ पासून असा विचार मांडला, की सामान्य अवस्थेत एकेकटे इलेक्ट्रॉन एका थरातून दुसऱ्या थरात सहज जाऊ शकत नाहीत, जोडीने मात्र जाऊ शकतात. त्यामुळे जोडी बनवल्याने थरांदरम्यानच्या हालचालीची गतिज ऊर्जा वाचते, आणि ही बचतच उच्च क्रांतिक तापमानाचे कारण आहे.

या सिद्धांताचे वैशिष्ट्य असे, की त्यातून एक नेमके संख्यात्मक भाकीत करता येत होते. ऊर्जेची बचत थरांदरम्यानच्या जोडणीतून होत असल्यास ही जोडणी पुरेशी प्रबळ हवी; एकच तांबे-ऑक्सिजन थर असलेल्या थॅलियम क्युप्रेटात तिच्याशी निगडित अंतर्भेदन-खोली सुमारे १ मायक्रोमीटर यावयास हवी होती. कॅथरीन मोलर, कर्टली व सहकाऱ्यांनी १९९८ साली या पदार्थातील चुंबकीय भोवऱ्यांची प्रत्यक्ष चित्रे घेऊन ती सुमारे २० मायक्रोमीटर असल्याचे दाखवले. जोडणीची ऊर्जा या खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने बचत अपेक्षेच्या काही सहस्रांशच भरली. डर्क व्हॅन डर मारेल यांच्या गटाच्या प्रकाशीय मापनांतूनही हाच निष्कर्ष निघाला. त्यानंतर हा सिद्धांत उच्च तापमान अतिसंवाहकतेचे मुख्य कारण म्हणून मागे पडला व अँडरसन पुन्हा अनुस्पंदी संयुजा बंधाच्या मांडणीकडे वळले.

अन्य प्रतिमाने

फोनॉन व पोलॅरॉन : म्युलर यांचा मूळ शोधच जालकाच्या विरूपणाशी निगडित अशा यान-टेलर परिणामाच्या विचारातून झाला होता. इलेक्ट्रॉन व त्याने सभोवती निर्माण केलेले विरूपण यांना मिळून पोलॅरॉन म्हणतात. अशा दोन पोलॅरॉनांच्या जोड्यांवर आधारलेले प्रतिमान अलेक्झांद्रोव्ह व मॉट यांनी विकसित केले. २००१ साली प्रकाश-उत्सर्जनात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-संवेग आलेखात आढळलेला बाक फोनॉनांच्या सहभागाचा पुरावा म्हणून मांडण्यात आला. इतर संशोधकांनी त्याचा संबंध स्पिन-चढउतारांशी जोडला. कमी डोपिंगच्या क्युप्रेटांत समस्थानिक परिणाम वाढतो, त्यामुळे फोनॉनांची भूमिका पूर्णतः नाकारता येत नाही.

सीमांत फेर्मी द्रव : वर्मा व सहकाऱ्यांनी १९८९ साली विद्युत रोधाच्या सरळ प्रमाणातील वाढीचे वर्णन करण्यासाठी ही संकल्पना मांडली. पुढे वर्मा यांनी तांबे-ऑक्सिजन चौरसांत फिरणाऱ्या सूक्ष्म प्रवाहांची सुव्यवस्था मोडताना होणारे चढउतार युग्मनास कारणीभूत असल्याचा सिद्धांत मांडला.

पट्टे : होल थरात सर्वत्र सारखे न पसरता समांतर पट्ट्यांत गोळा होतात, असे भाकीत झानेन व गुनारसन यांनी १९८९ साली केले होते. जॉन ट्रँक्वाडा व सहकाऱ्यांना १९९५ साली ते न्यूट्रॉन प्रकीर्णनात आढळले. पट्टे युग्मनास साहाय्य करतात की त्याच्याशी स्पर्धा करतात, याविषयी मतभेद आहेत.

एसओ-५ सिद्धांत : शौ-चेंग झांग यांनी १९९७ साली प्रतिलोहचुंबकत्व व अतिसंवाहकता या एकाच व्यापक सममितीच्या दोन बाजू असल्याचे प्रतिपादन केले.

आभासी ऊर्जा-अंतर

कमी डोपिंगच्या क्युप्रेटांत क्रांतिक तापमानाच्या बऱ्याच वर ऊर्जा-अंतरासारखी रचना दिसते. तिला आभासी ऊर्जा-अंतर म्हणतात. तिच्या दोन प्रमुख उपपत्ती आहेत. पहिलीनुसार जोड्या उच्च तापमानालाच बनतात, परंतु त्यांच्या तरंगांचा परस्परांशी मेळ नसल्याने अतिसंवाहकता अवतरत नाही. एमरी व स्टीव्हन किवेलसन यांनी १९९५ साली या विचाराची प्रभावी मांडणी केली. दुसरीनुसार ही एक वेगळी, अतिसंवाहकतेशी स्पर्धा करणारी सुव्यवस्था आहे. पहिली उपपत्ती खरी असल्यास क्रांतिक तापमानाची मर्यादा युग्मनाच्या बळाने नव्हे, तर जोड्यांच्या एकतानतेने ठरते.

संगणकीय अभ्यास

हबर्ड प्रतिमान लिहिण्यास सोपे असले, तरी द्विमितीय जालकावर त्याची अचूक उकल ज्ञात नाही. प्रत्येक जागेच्या चार संभाव्य अवस्था असल्याने केवळ २० जागांच्या जालकाच्याही एक लाख कोटींहून अधिक अवस्था होतात. म्हणून विविध सन्निकट संगणकीय पद्धतींचा अवलंब करून त्यांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहिले जातात. २०२० साली अशा एका संयुक्त अभ्यासात असे आढळले, की केवळ लगतच्या जागांवरील उड्या विचारात घेणाऱ्या मूळ प्रतिमानात, क्युप्रेटांशी जुळणाऱ्या मूल्यांना, अतिसंवाहकतेऐवजी पट्टे प्रबळ ठरतात. कर्णाच्या दिशेची उडी समाविष्ट केल्यावर मात्र अर्धवट भरलेल्या पट्ट्यांसह अतिसंवाहकताही आढळते, असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. प्रतिमानातील वरकरणी किरकोळ वाटणारी राशी निकाल पालटू शकते, हे यातून स्पष्ट होते.

२०२२ साली सीमस डेव्हिस यांच्या गटाने बिस्मथ क्युप्रेटात जोड्यांची घनता आणि तांबे-ऑक्सिजन यांमधील भार-स्थानांतरणाची ऊर्जा एकाच पृष्ठभागावर ठिकठिकाणी मोजली. ही ऊर्जा जेथे कमी, तेथे जोड्या अधिक आढळल्या. हा संबंध अतिविनिमयावर आधारित युग्मनाच्या भाकिताशी सुसंगत आहे.

क्युप्रेटांपलीकडील पदार्थ

२००८ साली हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह व आर्सेनिक असलेल्या संयुगात २६ केल्विनला अतिसंवाहकता शोधली. लवकरच या वर्गातील क्रांतिक तापमान ५५ केल्विनपर्यंत पोहोचले. या पदार्थांतही अतिसंवाहकता चुंबकत्वाच्या शेजारी आढळते. त्यांच्यासाठी ऊर्जा-अंतराचे चिन्ह फेर्मी पृष्ठाच्या एका भागात धन व दुसऱ्या भागात ऋण असल्याचे प्रतिमान मांडण्यात आले. निकेलाच्या ऑक्साइडांत २०१९ साली, आणि उच्च दाबाखाली सुमारे ८० केल्विनला २०२३ साली, अतिसंवाहकता आढळल्याने क्युप्रेटांशी तुलनेची नवी संधी मिळाली आहे.

याउलट, २०१५ साली गंधक व हायड्रोजन यांच्या संयुगात प्रचंड दाबाखाली आढळलेली २०३ केल्विनची अतिसंवाहकता, तसेच २०१९ साली लँथॅनम हायड्राइडात आढळलेली सुमारे २५० केल्विनची अतिसंवाहकता फोनॉनाधारितच मानली जाते. फोनॉनांमुळे क्रांतिक तापमान ४० केल्विनच्या पलीकडे जाऊ शकत नाही हा जुना समज त्यामुळे सार्वत्रिक राहिलेला नाही. केवळ उच्च क्रांतिक तापमान हा अपारंपरिक युग्मनाचा पुरावा ठरत नाही.

भारतीय संशोधकांचे योगदान

अनुस्पंदी संयुजा बंध सिद्धांताच्या जडणघडणीत चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेशी निगडित असलेले बास्करन यांचा वाटा मूलभूत मानला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अरुण परमेकांती, मोहित रंदेरिया व नंदिनी त्रिवेदी यांनी २००१ साली एका जागी दोन इलेक्ट्रॉन नसण्याची अट संगणकाद्वारे काटेकोरपणे पाळून डी-तरंग अतिसंवाहकाची अनेक वैशिष्ट्ये काढून दाखवली. २००४ साली अँडरसन, पॅट्रिक ली, रंदेरिया, राइस, त्रिवेदी व झांग यांनी या सिद्धांताचा संयुक्त आढावा प्रसिद्ध केला. याच मुंबईतील संस्थेत १९९४ साली यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगांतील सुमारे १२ केल्विनची अतिसंवाहकता आढळली होती.

सद्यस्थिती

क्युप्रेटांतील युग्मनाचे मूळ मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिसारणात व त्यातून उद्भवणाऱ्या चुंबकीय परस्परक्रियेत आहे, या मताकडे अनेक संशोधकांचा कल आहे. ही क्रिया मध्यस्थामार्फत होते की थेट, फोनॉनांचा हातभार किती, तसेच आभासी ऊर्जा-अंतर व पट्टे यांचे नेमके स्थान कोणते, हे प्रश्न मात्र अनिर्णित आहेत.

या प्रश्नांना व्यावहारिक महत्त्वही आहे. हायड्रोजनयुक्त संयुगांच्या बाबतीत बीसीएस सिद्धांतावर आधारित गणनांनी कोणते पदार्थ तपासावेत हे प्रयोगांपूर्वीच सुचवले होते. क्युप्रेटांचा शोध, त्यानंतरचे लोह-संयुगांचे आगमन हे मात्र प्रयोगशाळेतील चिकाटीचे फळ होते. कोणत्याही सिद्धांताने त्यांचे क्रांतिक तापमान आधी सांगितले नव्हते. वातावरणीय दाबाखाली अधिक उच्च तापमानाचा अतिसंवाहक गणनेने निवडता येणे, ही युग्मनाच्या प्रतिमानाची अंतिम कसोटी मानली जाते. आजवरच्या कोणत्याही प्रतिमानाने ती पार केलेली नाही.

हे सुद्धा पहा

अतिसंवाहकता
बीसीएस सिद्धांत
कूपर जोडी
माइसनर परिणाम
मॉट निरोधक
हबर्ड प्रतिमान
प्रतिलोहचुंबकत्व